जुन्या वर्दीच्या बाहीला हात लावण्याआधी

पोरी, कर्जतच्या नाक्यावरचं दुकान आता तू चालवतेस. शाळेचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको यात तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. पण एक काम क्वचितच येतं आणि ते आलं की चुकून चालत नाही. खांडसकडचं, जामरुंगकडचं, कधी खालापुरातलं कुणीतरी ट्रंकेच्या तळाशी निघालेला खाकी कोट पिशवीत कोंबून आणतं. पणजोबांचा असतो, नाहीतर चुलत आजोबांचा. शाळेत पंधरा ऑगस्टला मांडायचा असतो किंवा फोटोशेजारी टांगायचा असतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, "जरा नव्यासारखा करून द्या."

नव्यासारखा करायचा नाही, एवढं आधी मनाशी पक्कं कर. त्या कोटावर एका माणसाचं आयुष्य लिहिलेलं असतं, आणि पुष्कळ घरांत त्या माणसाबद्दल दुसरा लेखी कागदच नसतो. माझ्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खडकीच्या कॅम्पात मशीन चालवलं. अधिकाऱ्यांचे कोट, जवानांचे शर्ट, बाहीवरच्या पट्ट्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांनी मला जे सांगितलं आणि पुढे मला जे कळत गेलं, ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो.

आधी बघ, कातर नंतर

कोट आला की कटिंगच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथर. हात साबणाने धुऊन कोरडे कर, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेव, चहाचा कप दुसऱ्या टेबलावर ने. कोट उलगडताना बाहीला धरून ओढू नकोस, खांद्याखाली दोन्ही हात घालून उचल. खिशात आधी दोन बोटं घाल. घडीत कागद, बिल्ला, पोस्टकार्ड राहिलेलं असतं आणि ते ओढल्याने फाटतं. मग पुढून, मागून, दोन्ही बाह्या, गळा, अस्तर आणि बटणांची मागची बाजू असे फोटो काढ. प्रत्येक फोटोत शेजारी टेप ठेव, म्हणजे माप कळतं.

हे झालं की डावी बाही बघ. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग.

डाव्या बाहीवरची उभी पट्टी म्हणजे जखम

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने ६ जुलै १९१६ रोजी हुकूम काढला. ४ ऑगस्ट १९१४ नंतर शत्रूकडून जो जखमी झाला असेल, मग तो अधिकारी असो की साधा शिपाई, त्याने डाव्या बाहीवर सोनेरी गोफाची उभी पट्टी लावायची. लांबी २ इंच. शिपायाच्या आणि हवालदाराच्या कोटावर पट्टीचं खालचं टोक बाहीच्या काठापासून ३ इंचांवर. अधिकाऱ्याच्या कोटाला तेव्हा मनगटावर टोकदार फ्लॅप असायचा आणि त्यावर हुद्द्याची खूण असायची. त्यांची पट्टी त्या टोकाच्या लगेच वर उभी राहायची. पुन्हा जखमी झाला तर दुसरी पट्टी पहिलीच्या शेजारी, अर्धा इंच सोडून.

मोजताना एक ध्यानात ठेव. पट्टी जखमांची नाही, प्रसंगांची असते. एकाच दिवशी एकाच गोळीबारात अंगात चार ठिकाणी लोखंड घुसलं तरी पट्टी एक. विषारी वायूने छाती जळाली तर पट्टी मिळायची. खंदकात पाय घसरून हाड मोडलं, तापाने इस्पितळात पडला, तर नाही.

काही कोटांवर गोफाऐवजी पितळेची बारीक उभी पट्टी दिसेल, मागे आतल्या बाजूने पत्रा लावून अडकवलेली. कपडा धुताना ती काढता यायची. ती निघालेली दिसली तर ओढून बघू नकोस, मागचे काटे जुने झालेले असतात आणि कापड फाडतात.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली ही पद्धत परत आली. या वेळची पट्टी दीड इंचाची. चालू युद्धातल्या जखमेसाठी सोनेरी, आणि आधीच्या युद्धात जखमी झालेल्याला लाल रेयॉनची एक. लाल आणि सोनेरी शेजारी शेजारी दिसली तर समज, हा माणूस तरुणपणी एका युद्धात रक्त सांडून आला आणि केस पिकायला लागल्यावर पुन्हा दुसऱ्या युद्धात उतरला. माझे वडील अशी बाही हाताखाली आली की टाका घालण्याआधी क्षणभर थांबायचे.

तिरक्या पट्ट्यांशी गल्लत करू नकोस

बाहीवर पट्टी दिसली की लोक सगळ्यालाच शौर्य म्हणतात. तू तसं म्हणू नकोस. दंडावर, खांद्याच्या खाली, टोक खाली असलेली व्ही आकाराची फीत हुद्दा सांगते: एक म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. डाव्या मनगटाजवळ टोक वर असलेली व्ही ब्रिटिश पद्धतीत चांगल्या वर्तणुकीची असायची. उजव्या मनगटाजवळ टोक वर असलेल्या छोट्या व्ही दिसल्या तर त्या पहिल्या युद्धात परदेशी काढलेल्या काळाच्या. लाल म्हणजे तो १९१४ मध्येच समुद्रापार गेलेला होता, निळ्या त्यानंतरच्या काळाच्या.

अमेरिकेत नातू असलेल्या एखाद्या घरातून तिकडचा कोट आला तर रीत वेगळी असते. त्यांच्याकडे १९१८ पासून जखमेची खूण उजव्या बाहीवर, सोनेरी आणि व्ही आकाराची होती. १९३२ साली पर्पल हार्ट पदक आलं आणि ती खूण मागे पडली.

थोडक्यात, उभी की तिरकी, डावी बाही की उजवी, मनगट की दंड, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही.

पट्टी गेली तरी जागा बोलते

पुष्कळदा पट्टी पडून गेलेली असते, नाहीतर कुणी तरी जर विकायला काढून घेतलेली असते. तरी ती होती का, हे कळतं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढ. मोबाइलचा टॉर्च बाहीच्या कापडाला जवळजवळ टेकवून आडवा धर. सरळ वरून उजेड टाकलास तर काही दिसणार नाही. आडव्या उजेडात सुईच्या भोकांची बारीक रांग वर येते, कारण जाड लोकरी सर्जमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला टाका धाग्यांना बाजूला सारून ठेवतो. त्या रांगेची लांबी मोज. २ इंच किंवा दीड इंच भरली, उभी असली आणि डाव्या बाहीवर असली, तर तिथे जखमेची पट्टी होती. कधी तिथलं खाकी आजूबाजूपेक्षा गडद असतं, कारण तिथे ऊन पोचलंच नव्हतं. आतल्या अस्तराकडूनही बघ. धाग्याचे तुटके शेंडे तिथे अडकलेले असतात. ते उपटू नकोस.

उलटही होतं. अलीकडे जुन्या वस्तूंचा बाजार वाढलाय, आणि किंमत चढवायला कुणी जुन्या कोटावर नवी पट्टी शिवतं. नोटा तपासायचा जांभळा दिवा बाजारात मिळतो, तो अंधारात बाहीवर धर. हल्लीचे पुष्कळसे पांढरे आणि पॉलिस्टर दोरे त्याखाली निळे-पांढरे चमकतात. जुना सुती दोरा सहसा मंद राहतो. दोरा चमकला तर टाका नंतरचा. पट्टीखालचं कापड आजूबाजूइतकंच विटलेलं असेल तरी तोच अर्थ. गिऱ्हाइकाला शांतपणे सांग, त्याच्यावर संशय घेऊ नकोस. बहुधा त्याच्या आजीनेच प्रेमाने ती परत टाचलेली असते, आणि तेही लिहून ठेवण्यासारखं आहे.

जर घासायची नाही

सोनेरी पट्टी काळपट पडलेली असते. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पूड, टूथपेस्ट, यातलं काहीही तिला लावू नकोस. तो गोफ म्हणजे सुती किंवा रेशमी गाभ्यावर गुंडाळलेली बारीक धातूची तार, आणि वरचा सोन्याचा थर अतिशय पातळ. एकदा घासलं की तो निघून जातो आणि खालचा पांढुरका धातू उघडा पडतो. मऊ, कोरड्या, रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ एका दिशेने झटक, बस.

पट्टी एका टोकाने सुटली असेल तर शिवावं लागतं. मशीनखाली घालायची नाही. डिंक, फेव्हिकॉल, फ्युजिंग, काही नाही. बारीक सुई घे, खाकीशी जुळणारा सुती दोरा घे, एकेरी. गोफ जवळून बघ: दोन दोऱ्या शेजारी शेजारी विणलेल्या असतात आणि मधून खाच गेलेली असते. जुने शिंपी त्या खाचेतूनच टाका घालायचे, म्हणजे दोरा वरून दिसत नाही आणि जरीची तार तुटत नाही. तूही तिथूनच घाल, आणि शक्य असेल तिथे जुन्याच भोकांतून. जो जुना टाका टिकून आहे तो टिकू दे. तुझा टाका जुन्यापेक्षा किंचित सैल ठेव. पुढेमागे ताण बसला तर तुझा दोरा तुटावा, कापड तुटू नये.

भोकं बुजवायची का, असं विचारतील. कसरीने खाल्लेलं भोक वाढत असेल तर आतून त्याच रंगाच्या सुती कापडाचा तुकडा चार टाक्यांनी धर. पण बाहीवर, खांद्यावर एखादं भोक गोल किंवा कडेने करपल्यासारखं दिसलं, आसपास तपकिरी डाग दिसला, तर हात मागे घे. त्यावर रफू नाही. घरच्यांना दाखव आणि तसंच ठेव.

कर्जतच्या पावसात कापड कसं जपायचं

आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. भीमाशंकराच्या डोंगराखाली चार महिने भिंतीला ओल असते, लोकरी कापडाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. गिऱ्हाइकाला कोट परत देताना या गोष्टी तोंडी सांग आणि चिठ्ठीवर लिहूनही दे.

कोट धुवायचा नाही, ड्रायक्लीनलाही द्यायचा नाही. इस्त्री नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, आत ओल साठते. खळ आणि नीळ नसलेल्या, पुष्कळदा धुतलेल्या जुन्या धोतरात किंवा सुती साडीत गुंडाळायचा. शक्यतो आडवा, घड्यांमध्ये कापडाच्या गुंडाळ्या घालून, म्हणजे घडी मोडत नाही. तारेच्या हँगरवर कधीच नाही, खांदे फाटतात. डांबरगोळ्या थेट कापडावर टाकू नका. वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकता ठेवा. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने जर आणि चांदी काळी पडते.

मृग लागण्याआधी एकदा पेटी उघडून बघा. नवरात्र आटोपलं, हवा कोरडी झाली की सावलीत, वाऱ्यावर एखादा दिवस पसरा. उन्हात नाही. कसर जिवंत दिसली तर कोट कापडात गुंडाळून, हवा काढून, घट्ट बंद पिशवीत घाला आणि घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा; बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नका. पिशवी वापरायची ती एवढ्याच कामापुरती.

बटण आणि पदकाची कड वाच

खांद्यावरचं पितळी अक्षर, बटणावरची खूण, बिल्ल्यावरचा आकडा, हे सगळं उतरवून घे. आपल्या भागातल्या घरांत बहुतेक मराठा पलटणींचे आकडे येतात. पहिल्या युद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा पलटणी होत्या. १९२२ मध्ये फेरमांडणी झाली आणि त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या: १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. एका घरात पणजोबांच्या बिल्ल्यावर ११० आणि आजोबांच्या कागदावर तिसरी बटालियन असेल, तर बापलेक एकाच पलटणीत होते. हे घरच्यांना सांग, त्यांना बहुधा माहीत नसतं. १९१७ साली उभी राहिलेली १११ वी महार पलटणही विसरू नकोस. ती १९२१ ला मोडली, पण त्यात गेलेल्यांची घरं कोकणात आहेत.

पहिल्या युद्धाचं चांदीचं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघ. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. म्हणून पदकाची कड कधीही पॉलिश करायची नाही. तो नंबर हाती आला की पुढचा माग निघतो: बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आणि युद्धात मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मोफत शोधता येतात. पुण्याच्या खडकी युद्धस्मशानातल्या स्मारकावरही पहिल्या युद्धातली नावं कोरलेली आहेत.

पट्टी नाही म्हणून माणूस लहान होत नाही

हे सगळ्यांत महत्त्वाचं. कुणी विचारेल, "आमच्या पणजोबांच्या बाहीवर काहीच नाही, म्हणजे ते लढलेच नाहीत का?" त्यांना तीन गोष्टी सांग.

पहिली, आजच्या इराकमधल्या कूट-अल-अमाराची. १९१५ च्या ७ डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत तुर्कांनी टायग्रिस नदीच्या वळणावर वेढा घातला होता. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत गेलं. घोड्याचं मांस खायला पुष्कळ शिपाई धजेनात, भाज्या नसल्याने स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. शेवटी शरणागती पत्करावी लागली आणि कैदेत कितीतरी माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली. भुकेला पट्टी नव्हती. ११७ व्या पलटणीला पुढे १९२१ मध्ये 'रॉयल' ही पदवी मिळाली, ती सगळ्यांच्या मिळून सोसण्याची पावती.

दुसरी, आपल्याच रायगड जिल्ह्यातली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद केली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि ते तिथेच पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण जखमेची पट्टी बाहीवर शिवायला माणूस परत यावा लागतो. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव इटलीतल्या सेनिओ नदीवर हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा बॉम्बगोळे घेऊन लढले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आणि ते परत आले.

तिसरी, इथली, डोंगरापलीकडची. यशवंत घाडगे इटलीत पडण्याच्या दीड वर्ष आधी, २ जानेवारी १९४३ ला, मुरबाडच्या बाजूला सिद्धगडाच्या रानात माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने विजेचे मनोरे पाडले होते, सरकार त्यांच्या मागावर होतं. त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती, बाहीवर पट्टी लावायला कोणतं सैन्य नव्हतं. त्यांना अन्न पोचवणारी, निरोप नेणारी माणसं याच वाड्यांतली. अशा घरातून काठी, कांबळं, जुनं पत्र असं काही दुरुस्तीला आलं, तर तेही मघाच्या कोटाइतक्याच काळजीने चादरीवर ठेव आणि त्याचीही गोष्ट लिहून घे.

जेवढं आहे तेवढंच

आता शेवटचं, आणि यात तडजोड नाही. कुणी म्हणेल, "काका तर दोनदा जखमी झाले होते, आणखी एक पट्टी लावून द्या." लावायची नाही. कुणी म्हणेल, "कार्यक्रमाला मुलगा हा कोट घालणार आहे, बाह्या आखूड करा." करायच्या नाहीत. त्यासाठी खाकी ड्रिलचा दुसरा कोट शिवून दे, पैसे कमी घे, हवं तर घेऊच नकोस. पण त्याच्या आत गळ्यापाशी 'नक्कल' असं आणि शिवल्याचं वर्ष असं धाग्याने लिही. आजच्या जवानाचा कोट आला तर त्याला जखमेसाठी बाहीवर पट्टी नसते. १९७३ पासून आपल्याकडे त्यासाठी पराक्रम पदक आहे, पांढऱ्या फितीवर मधोमध लाल रेघ. ती फीत ज्याला मिळाली त्याच्याच छातीवर, बाकी कुणाच्या नाही.

जो माणूस एकदा जखमी झाला त्याला दोनदा जखमी करणं हा त्याचा मान नाही. त्याने खरंच जे सोसलं त्यावरचा विश्वास त्यातून उडतो. आणि एक पट्टी काढली तर ते सोसणंच पुसलं जातं. म्हणून प्रत्येक कोटाबरोबर एक कागद दे. त्यावर नाव, नंबर, पलटण, डाव्या बाहीवर काय सापडलं, काय सापडलं नाही, तू कुठे टाका घातलास आणि कुठल्या दोऱ्याने, घरच्यांनी तोंडी काय सांगितलं, एवढं लिही. ऐकलेलं 'ऐकलेलं' म्हणून आणि मोजलेलं 'मोजलेलं' म्हणून वेगळं लिही. एक प्रत त्यांना, एक आपल्या वहीत. पुढे कुणी तपासायला आलं तर त्याला तुझ्या वहीवर भरवसा ठेवता आला पाहिजे.